कॅमेरा हिरवा, रेकॉर्डिंग कोरं: पुन्हा पुन्हा पडणारा खंड टेबलावर कसा पकडायचा

सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दलची तक्रार बहुतेक वेळा एकाच भाषेत येते. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो नाहीतर मार्केट यार्डातली कांद्याची अडत: "कॅमेरा चालू दिसतोय, पण दोन ते सव्वादोनचं रेकॉर्डिंगच नाही." सॉफ्टवेअर तपासणाऱ्याच्या टेबलावर मात्र हा बिघाड काही केल्या येत नाही. केबल काढली की लाल खूण येते, लावली की चित्र परत येतं, आणि चाचणी पास होते.

चाचणी पास होते, कारण बहुतेक जण केबल रेकॉर्डरच्या मागून काढतात. तिथली लिंक गेली की ऑपरेटिंग सिस्टिमला ते लगेच कळतं. साइटवर रेकॉर्डरची लिंक कधीच जात नाही. जाते ती चाळीस-पन्नास मीटरवरच्या शेडमधल्या स्विचपलीकडची, आणि त्याची वर्दी रेकॉर्डरला कोणी देत नाही. त्यामुळे केबल काढायचीच असेल तर कॅमेऱ्याच्या बाजूची काढा. एवढा बदल केला तरी निम्मे "न येणारे" बिघाड समोर येतात. उरलेल्यांसाठी खालची मांडणी लागते.

आधी खंडाची लांबी मोजा

कुठलंही यंत्र जोडण्याआधी साइटवरून एकच गोष्ट मागवा: खंड कधी सुरू झाला आणि कधी संपला, सेकंदांसकट, निदान पाच-सहा खंडांची नोंद. "अधूनमधून जातं" एवढ्यावर काम सुरू करू नका. बिघाडाची जात या आकड्यात असते.

दर ६० सेकंदांनी चित्र तुटत असेल तर सेशन जिवंत ठेवणारा संदेश पोचत नाही. आरटीएसपीमध्ये (कॅमेऱ्याकडून व्हिडिओ मागवण्याची नेटवर्कची पद्धत) सेशनची मुदत कॅमेऱ्यानं वेगळी सांगितली नसेल तर ६० सेकंद धरतात. तेवढ्यात गेट-पॅरामीटर किंवा ऑप्शन्स यांपैकी एक आदेश गेला नाही की कॅमेरा सेशन बंद करतो. काही कॅमेरे गेट-पॅरामीटरला "हे मला येत नाही" असं उत्तर देतात. अशा वेळी सॉफ्टवेअरनं ऑप्शन्सवर उतरायला हवं.

खंड साधारण १५ मिनिटं २५ सेकंदांचा असेल आणि रेकॉर्डर लिनक्सवर असेल तर बोट थेट टीसीपीकडे, म्हणजे पोच घेऊन डेटा पाठवणाऱ्या पद्धतीकडे, दाखवा. पाठवलेल्या डेटाला पोच आली नाही की लिनक्स मूळ सेटिंगनुसार १५ वेळा पुन्हा पाठवतो, आणि त्याची बेरीज किमान ९२४.६ सेकंद होते. इथे आणखी एक गोष्ट कळते. कॅमेरा नुसता रीबूट झाला असता तर परत आल्यावर त्यानं "हे कनेक्शन मला माहीत नाही" म्हणून रीसेट पाठवला असता आणि खंड दीड-दोन मिनिटांत मिटला असता. पूर्ण पंधरा मिनिटं गेली म्हणजे रीसेट आलाच नाही. मधला राउटर किंवा फायरवॉल रीस्टार्ट होऊन जुनं कनेक्शन विसरला आणि पॅकेट गुपचूप गिळत राहिला, असं समजायला हरकत नाही. एमआयडीसीतला कारखाना आणि नवी पेठेतलं दुकान व्हीपीएननं जोडलेलं असेल तिथे हे हमखास सापडतं.

२ तास ११ मिनिटांच्या आसपासचा खंड म्हणजे सॉफ्टवेअर काहीच पाठवत नाही, नुसतं वाट बघत बसतं, आणि शेवटी टीसीपी कीपअलाइव्ह (समोरचा जिवंत आहे का ते विचारणारी सोय) त्याला सोडवतो: ७२०० सेकंद शांतता, मग ७५ सेकंदांच्या अंतरानं ९ प्रयत्न. कीपअलाइव्हही लावलेला नसेल तर कोणीतरी सर्व्हिस रीस्टार्ट करेपर्यंत खंड चालूच राहतो.

संध्याकाळी अंधार पडताना सुरू होणारा बिघाड विजेचा असतो. दुपारी एक ते चार या वेळेतला बहुधा पत्र्याखालच्या उष्णतेचा. आणि १३ तास १५ मिनिटांनी येणाऱ्या खंडाबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण तो ओळखणारे फार थोडे.

टेबलावरची मांडणी

दोन इथरनेट पोर्ट असलेला एक जुना पीसी घ्या. एकच पोर्ट असेल तर दुसरं कार्ड घाला. त्यावर लिनक्स टाका. एका बाजूला कॅमेऱ्यांचा मॅनेज्ड पीओई स्विच (डेटाच्याच केबलमधून वीज देणारा आणि आदेशांनी चालवता येणारा), दुसऱ्या बाजूला रेकॉर्डर, आणि मध्ये हा पीसी ब्रिज म्हणून, म्हणजे एका पोर्टवर आलेलं पॅकेट दुसऱ्यावरून पुढे सोडणारा. नेटवर्कचे सगळे बिघाड इथून घालायचे, त्यांसाठी कॅमेऱ्याला किंवा रेकॉर्डरला हात लावायचा नाही. ब्रिजचा फॉरवर्ड डिले (पोर्ट चालू झाल्यावर थांबण्याचा वेळ) शून्य ठेवा. स्विचच्या पोर्टवर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये चक्र होऊ न देणारी सोय) असेल तर पोर्टफास्ट, म्हणजे न थांबता पोर्ट उघडणारं सेटिंग, लावा. नाहीतर पोर्ट चालू केल्यावर स्विचच ३० सेकंद खातो आणि तो उशीर सॉफ्टवेअरच्या माथी बसतो.

खरे कॅमेरे दोन-तीन पुरेत, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांचे. बाकीचे बनावट. मीडियाएमटीएक्स हा छोटा आरटीएसपी सर्व्हर चालवा (मूळ पोर्ट ८५५४) आणि एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या साधनानं त्यात व्हिडिओ सोडा: फाइल अखंड फिरवायची, खऱ्या वेगानं वाचायची, पुन्हा एन्कोड न करता. फाइल आधी नीट बनवून घ्या: सेकंदाला २५ फ्रेम, दर ५० फ्रेमला एक आय-फ्रेम (स्वतःपुरतं पूर्ण चित्र), बी-फ्रेम (मागच्या-पुढच्या फ्रेमवरून बनणारं चित्र) शून्य. देखरेखीचे कॅमेरे सहसा बी-फ्रेम पाठवत नाहीत. त्या फाइलमध्ये राहिल्या तर खऱ्या साइटवर नसलेलेच बिघाड शोधत बसाल.

प्रत्येक बनावट कॅमेऱ्याला स्वतंत्र नेटवर्क नेमस्पेस (एकाच मशीनवरचं वेगळं नेटवर्क), स्वतःचा आयपी आणि मीडियाएमटीएक्सची स्वतंत्र प्रत द्या. एकाच प्रतीत सोळा पाथ (व्हिडिओचे प्रवाह) उघडणं सोपं आहे, पण मग एक कॅमेरा मारला की सोळाही मरतात. बनावट कॅमेरे आणि रेकॉर्डर एकाच मशीनवर लूपबॅकवर, म्हणजे मशीनच्या आतल्या आत, चालवणं टाळा. लूपबॅकचा एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) ६५५३६ बाइट असतो. १५००च्या तारेवर जे होतं ते तिथे होणारच नाही.

पट्ट्यांचं टेस्ट पॅटर्न फक्त जोडणी तपासायला वापरा. ते दाबून इतकं लहान होतं की भार पडतच नाही. मागांच्या शेडमध्ये रात्री लेन्सवर सुताचे बारीक तंतू बसतात, त्यावर इन्फ्रारेड परततं, चित्रात दाणे येतात आणि बिटरेट वर जातो. तसा भार हवा असेल तर एफएफएमपेगच्या नॉइज फिल्टरनं दर फ्रेमला बदलणारा दाणा घालून फाइल बनवा.

मरण्याचे चार प्रकार

"कॅमेरा गेला" या दोन शब्दांत चार वेगळे बिघाड लपलेले असतात. प्रत्येकाची चाचणी वेगळी.

पहिला, रीतसर निरोप: कॅमेरा कनेक्शन बंद करतो. मीडियाएमटीएक्सची प्रोसेस साधी बंद करा. हे जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरला जमतं.

दुसरा, नकार: आयपीटेबल्समध्ये (लिनक्सची पॅकेट गाळणारी चाळणी) रिजेक्ट आणि टीसीपी रीसेट. हेही सोपं.

तिसरा, शांतता: त्याच नियमात रिजेक्टऐवजी ड्रॉप. पॅकेट जातात, उत्तर येत नाही. वरचे १५ मिनिटांचे आणि दोन तासांचे खंड इथे उभे राहतात. एक अडचण आधीच सांगून ठेवतो. ब्रिजमधून जाणारे पॅकेट आयपीटेबल्सला मुळात दिसत नाहीत. त्यासाठी बीआर-नेटफिल्टर मॉड्यूल लोड करून ब्रिजचे पॅकेट आयपीटेबल्सकडे वळवणारं सेटिंग १ करावं लागतं, किंवा एनएफटीमध्ये (आयपीटेबल्सच्या जागी आलेलं नवं साधन) ब्रिज फॅमिलीचे नियम लिहावे लागतात. नियम लावला आणि चित्र मजेत चालूच राहिलं तर आधी हे बघा.

चौथा सर्वांत वाईट: कॅमेऱ्याचं फर्मवेअर गोठलेलं, पण त्याचं नेटवर्क जिवंत. पिंगला उत्तर येतं, पोर्ट उघडा दिसतो, नवीन कनेक्शनसुद्धा स्वीकारलं जातं, फक्त डेटा नाही. पिंगवर हिरवी खूण ठरवणारं सॉफ्टवेअर इथे ग्राहकाला धडधडीत चुकीचं सांगतं. टेबलावर हे उभं करायला त्या कॅमेऱ्याच्या मीडियाएमटीएक्स प्रोसेसला सिगस्टॉप पाठवा, म्हणजे किल आदेश स्टॉप सिग्नलसह. प्रोसेस थिजते, पण कर्नल तिच्या वतीनं टीसीपीच्या पोचा देत राहतो, त्यामुळे टीसीपीचा कुठलाही टायमर वाजत नाही. सिगकॉन्ट पाठवला की पुन्हा सुरू. चुकून एफएफएमपेगला थांबवू नका. मीडियाएमटीएक्सला १० सेकंदांत प्रकाशक (व्हिडिओ सोडणारा) गेल्याचं कळतं, तो वाचणाऱ्यांना (व्हिडिओ घेणाऱ्यांना) तोडतो, आणि तुम्ही चौथ्याऐवजी पहिला प्रकार तपासता.

तिसऱ्या-चौथ्या प्रकाराला इलाज एकच: शेवटची पूर्ण फ्रेम कधी आली यावर सॉफ्टवेअरचा स्वतःचा टायमर. बाइट आले का यावर नको, फ्रेमवरच हवा. पाच सेकंद फ्रेम नाही तर सेशन तोडा आणि नव्यानं जोडा. एफएफएमपेगची लायब्ररी वापरत असाल तर आवृत्ती तपासा. ५.० पासून आरटीएसपीसाठी टाइमआउट हा पर्याय सॉकेटची मुदत ठरवतो, मायक्रोसेकंदांत. जुन्या आवृत्त्यांत त्याचं नाव एसटाइमआउट होतं, आणि टाइमआउट दिलं तर लायब्ररी उलट येणाऱ्या कनेक्शनची वाट बघत बसायची. जुना कोड नव्या लायब्ररीवर नेताना ही मुदत निसटते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. शिवाय मायक्रोसेकंदांच्या जागी ५ लिहिलं की कॅमेरा कधीच जोडला जात नाही. पाच सेकंदांसाठी ५०,००,००० हवेत.

चित्र चालू पण एकच फ्रेम, असाही प्रकार असतो: सेन्सर अडकतो, एन्कोडर चालू राहतो, कधी कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा पुढे सरकतं. फ्रेमवरचा टायमर इथे निरुपयोगी. एफएफएमपेगच्या फ्रीझडिटेक्टसारखी चित्राचीच तपासणी लागते, आणि ती घड्याळाची पट्टी वगळून.

पॅकेट गळती

गळती घालायला नेटेम, म्हणजे नेटवर्क मुद्दाम बिघडवणारी लिनक्सची सोय. तो फक्त बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर चालतो. म्हणून रेकॉर्डरकडच्या पोर्टवर लावला तर व्हिडिओवर परिणाम, कॅमेऱ्याकडच्या पोर्टवर लावला तर आदेशांवर. दोन्ही वेगवेगळे तपासा.

१ टक्का गळती ऐकायला किरकोळ वाटते. यूडीपीवर (पोच न घेता पॅकेट पाठवणारी पद्धत) हिशेब करून बघा. १०० केबीची आय-फ्रेम म्हणजे १४०० बाइटचे सुमारे ७२ पॅकेट. सगळे धड पोचण्याची शक्यता ०.९९ चा ७२ वा घात, म्हणजे ४८ टक्के. निम्म्याहून जास्त आय-फ्रेम फुटतात आणि प्रत्येक फुटीनंतर पुढची आय-फ्रेम येईपर्यंत, म्हणजे दोन सेकंद, चित्र चिखल होतं. ०.१ टक्क्याला हीच शक्यता ९३ टक्के होते.

खरी गळती अशी एकसारखी नसते, झटक्यांनी येते. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर तात्पुरते कॅमेरे वायरलेस लिंकवर टाकायचे असतील तर गर्दी वाढल्यावर हेच दिसेल. नेटेममध्ये त्यासाठी जीई-मॉडेल (चांगली आणि वाईट अशा दोन अवस्थांत फिरणारी गळती) आहे. चार आकडे क्रमानं ०.१, १०, ७० आणि ०.१ टक्के द्या: चांगल्यातून वाइटात जाण्याची शक्यता, वाइटातून परतण्याची, वाइटातली गळती, चांगल्यातली गळती. सरासरी ०.८ टक्क्यांच्या आसपासच येते, पण फुटलेल्या आय-फ्रेम निम्म्यावरून साधारण सातात एकवर येतात, आणि झटका आला की जवळजवळचे सातएक पॅकेट जातात. दोन्ही चाचण्या हव्यात. एकीनं डिकोडर घामाघूम होतो, दुसरीनं पॅकेटची क्रमवारी लावणारा भाग.

नेटेमच्या तीन खोडी माहीत असू द्या. त्याची रांग मुळात १००० पॅकेटची. १६ कॅमेरे, प्रत्येकी ४ एमबीपीएस, अर्ध्या सेकंदाचा उशीर दिला की जवळपास २९०० पॅकेट रांगेत लागतात, उरलेले तो टाकून देतो आणि तुम्हाला न मागितलेली गळती मिळते. लिमिट ५००० करा. दुसरी, उशिरात चढउतार दिला की पॅकेटचा क्रमही उलटसुलट होतो. फक्त चढउतार हवा असेल तर नेटेमखाली साधी पीफिफो (आधी आलेलं आधी सोडणारी) रांग लावा. तिसरी, इथटूलनं (नेटवर्क कार्डचं सेटिंग बदलणारा आदेश) दोन्ही पोर्टवरचे टीएसओ, जीएसओ, जीआरओ हे पॅकेट जोडणारे पर्याय बंद करा, नाहीतर अनेक पॅकेट चिकटून एक मोठं बनतं आणि "एक पॅकेट गळलं" म्हणताना प्रत्यक्षात दहा-वीस गळतात.

गळती कॅमेऱ्यावर ढकलण्याआधी रेकॉर्डरचाच यूडीपी बफर बघा. लिनक्सवर त्याची मूळ मर्यादा २,१२,९९२ बाइट असते. मोठ्या रिझोल्यूशनची एक आय-फ्रेम एका दमात आली तरी तो भरतो. नेटस्टॅटच्या यूडीपी आकडेवारीत रिसीव्ह बफर एरर वाढत असतील तर तार निर्दोष आहे.

१३ तास १५ मिनिटं २२ सेकंद

आरटीपीमध्ये (व्हिडिओचे पॅकेट वाहणारी पद्धत) व्हिडिओचा टाइमस्टॅम्प ९०,००० हर्ट्झच्या घड्याळावर चालतो आणि तो ३२ बिटांचा असतो. ४,२९,४९,६७,२९६ भागिले ९०,००० म्हणजे ४७,७२१.८६ सेकंद. तेवढ्या वेळानं आकडा शून्यावर येतो. सुरुवातीचा आकडा यादृच्छिक असल्यामुळे पहिली फेरी त्याआधी कधीही येते, त्यानंतर मात्र ठरलेल्या अंतरानं. ज्या सॉफ्टवेअरनं ही फेरी हाताळलेली नाही ते तेव्हा फाइल मोडतं, किंवा १३ तास मागची वेळ लिहितं, किंवा पुढचं सगळं "उशिरा आलेलं" म्हणून टाकून देतं. सगळे कॅमेरे वेगवेगळ्या वेळी सुरू झालेले असल्यानं खंडही विखुरलेले दिसतात आणि ग्राहक म्हणतो, कधीही जातं.

पॅकेटचा अनुक्रमांक १६ बिटांचा असतो. ४ एमबीपीएसला तो तीन मिनिटांत फिरतो, म्हणून त्याची चूक पहिल्याच दिवशी सापडते. टाइमस्टॅम्पची चूक तासाभराच्या चाचणीत सहसा सापडत नाही.

वाट बघायची गरज नाही. जीस्ट्रीमर या व्हिडिओ साधनाच्या आरटीएसपी सर्व्हरमधला टेस्ट-लाँच हा नमुना प्रोग्राम वापरा आणि आरटीपी-एच२६४-पे या घटकाला टाइमस्टॅम्प-ऑफसेट ४२८९५६७२९६ द्या. फेरी सुरुवातीनंतर एका मिनिटात येईल. मधे मीडियाएमटीएक्स ठेवू नका, मधला सर्व्हर टाइमस्टॅम्प नव्यानं लिहू शकतो. वायरशार्कमध्ये (पॅकेट उघडून दाखवणारं साधन) आकडा खरंच फिरला का ते डोळ्यांनी बघा, मगच चाचणी झाली असं म्हणा.

लाइट गेली, आली

मागांची मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर बसतं. यूपीएस नसलेला स्विच तेवढ्यात रीबूट होतो. परत आल्यावर बत्तीसच्या बत्तीस कॅमेऱ्यांना सॉफ्टवेअर एकाच सेकंदाला हाक मारतं. मॅनेज्ड स्विचच्या कमांड लाइनवरून सगळे पोर्ट एकदम बंद-चालू करून हे उभं करा. पुन्हा जोडण्याचे प्रयत्न १, २, ४, ८ सेकंद असे वाढत जायला हवेत, ३० वर थांबायला हवेत, आणि प्रत्येक कॅमेऱ्याला थोडी वेगळी यादृच्छिक भर हवी.

याहून अवघड प्रकार म्हणजे कॅमेऱ्याचा स्विच चालू राहतो आणि फक्त मधला स्विच रीबूट होतो. कॅमेरा आपली जुनी सेशन मुदत संपेपर्यंत धरून ठेवतो. त्याची सेशनची मर्यादा भरलेली असेल तर नव्या जोडणीला तो नकार देतो. मीडियाएमटीएक्समध्ये त्या पाथचे कमाल वाचक १ करा, दुसरा एक वाचक आधीच जोडून ठेवा, आणि सॉफ्टवेअर काय करतं ते बघा. "पासवर्ड चुकला" असा संदेश दाखवून ते लॉगिनचा मारा करत असेल तर साइटवर कॅमेरा काही काळ खातं कुलूपबंद करील.

रात्रीच्या रीबूटसाठी खरा कॅमेरा लागतो. पीओईच्या ८०२.३एएफ मानकाचा पोर्ट १५.४ वॅट देतो, कॅमेऱ्यापाशी १२.९५ची हमी. शुद्ध तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल टाकलेली असेल तर रोध साधारण दीडपट, आणि इन्फ्रारेड पेटल्यावर कॅमेऱ्यापाशी व्होल्टेज पुरत नाही. डेटाशीटवरचे दिवसाचे आणि रात्रीचे वॅट बघा, स्विचवर त्या पोर्टची मर्यादा दोन्हींच्या मध्ये लावा आणि प्रकाशाच्या सेन्सरवर काळी चिकटपट्टी लावा. कॅमेरा पेटतो, मरतो, उठतो, पुन्हा मरतो. या चक्रात सॉफ्टवेअर तासभर सोडा.

लाइटीनंतरचं घड्याळ हा वेगळा विषय. ज्या कॅमेऱ्यात घड्याळाची बॅटरी नाही तो १९७० किंवा २००० सालात उठतो. ऑनव्हिफचं (वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे चालवण्याची सामाईक पद्धत) लॉगिन वेळेवर अवलंबून असल्यानं ते नाकारलं जातं, आरटीएसपीचं नाही. परिणाम: चित्र येतं, पण पीटीझेड (कॅमेरा वळवणं, झूम करणं) आणि हालचालीचे इशारे बंद. सॉफ्टवेअरनं आधी कॅमेऱ्याची वेळ विचारून फरक लक्षात घ्यायला हवा. कॅमेऱ्याचं घड्याळ हातानं मागे नेऊन तपासा. आणि शोधताना रेकॉर्डिंग बरोबर अडीच तास पुढे दिसत असेल तर टाइमझोन चीनचाच राहिला आहे, यूटीसी अधिक ८.

पास कधी म्हणायचं

आमचे आकडे असे: बिघाड १० सेकंदांत कळला पाहिजे, कॅमेरा परत आल्यावर १५ सेकंदांत रेकॉर्डिंग सुरू झालं पाहिजे (फक्त लांबलेल्या बिघाडानंतर ४५ चालतील), आणि खंडाची सुरुवात-शेवट लॉगमध्ये सेकंदासह हवा. खंड पडू शकतो. खंड पडल्याचं न सांगणं मात्र नापासच.

शेवटी गळके सॉकेट मोजा. यूडीपीवर प्रत्येक जोडणीला टीसीपी, आरटीपी आणि आरटीसीपी (आरटीपीचा हिशेब कळवणारी जोडपद्धत) मिळून तीन सॉकेट लागतात. तोडताना ते बंद झाले नाहीत आणि एक कॅमेरा दर मिनिटाला तुटत असेल, तर प्रोसेसची उघड्या फाइल-सॉकेटची नेहमीची १०२४ची मर्यादा पावणेसहा तासांत संपते. मग त्या एका कॅमेऱ्यामुळे बाकी चांगले कॅमेरेही जोडता येत नाहीत. ड्रॉपचा नियम स्क्रिप्टमधून २० सेकंद चालू, ४० सेकंद बंद असा रात्रभर फिरवा. संध्याकाळी आणि सकाळी, नियम बंद असताना आणि सगळे कॅमेरे जोडलेले असताना, लिनक्सच्या प्रॉक फोल्डरमधल्या त्या प्रोसेसच्या एफडी फोल्डरमधल्या (उघड्या फाइल-सॉकेटची यादी) नोंदी मोजा. दोन्ही आकडे सारखे आले तरच बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरची तयार आवृत्ती, साइटवर पाठवा.